दांड्याचं मशीन आणि राहीबाईचं लुगडं

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, लावा पैज. खारबावात वाटली नाही, टेमघरात वाटली नाही, आणि भिवंडीत तर लूमवर कापड कमी अन् थापा जास्त विणल्या जातात, तिथं या एका जादा ताग्याला कोण गिऱ्हाईक! तरीही ती घडली. भर उन्हात घडली, शहाण्यासुरत्या माणसांदेखत घडली.

खारबावच्या सावळारामाकडे कपडे धुण्याचं एक जुनं मशीन होतं. झाकण वरून उघडायचं. आत मधोमध हातभर उंचीचा, मांडीएवढा जाड दांडा आणि त्याला चारी बाजूंनी पाती. मशीन चालू झालं की तो दांडा अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे असे झटके देत फिरायचा आणि रवीनं ताक घुसळावं तसे कपडे घुसळून काढायचा. आवाज असा की स्टेशनात गाडीची वाट बघणारी माणसं एकमेकांना सांगत, "सावळारामाकडं आज चादरी निघाल्यात."

सावळारामाचा उभा जन्म भिवंडीत बिघडलेल्या लूम दुरुस्त करण्यात गेला. एका शेठनं बंगल्यातून हे मशीन बाहेर काढलं, तेव्हा त्यानं ते उचलून अंगणात आणलं, उघडलं, पसरलं आणि परत जोडलं. पट्टा लूमचा, बेअरिंग लूमचं, झाकणाची बिजागरी जुन्या कपाटाची. जोडून झाल्यावर ओंजळभर नट उरले. "कंपनीनं जादाचे दिलेले व्हते," असं म्हणून त्यानं ते डब्यात टाकले. मशीन चाललं ते चाललंच.

त्या मशीनच्या गोष्टी गावाला पाठ होत्या. एकदा म्हणे झाकण लावायचं राहिलं आणि दांड्यानं नातवाची, दीपेशची, शाळेची चड्डी अशी भिरकावली की ती थेट जाणाऱ्या मालगाडीवर पडली आणि वसईहून पोस्टानं परत आली, तीही इस्त्री करून. एकदा गोधडी धुताना घर हातभर पूर्वेला सरकलं आणि तलाठ्याला नकाशा नव्यानं काढावा लागला. कुणी हसलं की सावळाराम तोंड गंभीर करून म्हणे, "इचार तलाठ्याला." तलाठी तोवर बदलून गेलेला असे.

अशा घरात दीपेशच्या लग्नाच्या आधी नवं मशीन आलं. पुढून काचेचं गोल दार. आत दांडा नाही, पाती नाहीत, नुसता भोकाभोकांचा पिंप आडवा पडलेला. पाणी एवढं थोडं घ्यायचं की सावळारामाला पहिल्या दिवशी वाटलं, टाकीच संपली. आवाज म्हणावा तर तोही नाही. दीपेश गोडाऊनवर सुपरवायझर, त्यानं दुकानात बोलून ठेवलं होतं की जुनं द्यायचं, नवं घ्यायचं. लग्नाच्या धांदलीत जुनं न्यायचं राहून गेलं, आणि नवरा-नवरी एकवीरेला निघताना दीपेश आईला सांगून गेला, "दुकानातला कुमार टेम्पो घेऊन येईल. आजोबा काय पण बोलले तरी मशीन देऊन टाक."

सावळाराम त्या दिवसापासून घरभर बोलत सुटला.

"त्या नव्याला पाना लागत न्हाय गो! मी मागनं उघडाया गेलो, तर स्क्रूचं डोसकं चांदणीसारखं. आपल्या डब्यात तसला पानाच न्हाय. मग मी काय करू? म्होरं बसून काचंतनं बघू? कपड्यांचा टीवी हाय काय त्यो?"

"बघा की," त्याची बायको ठकुबाई म्हणाली. "तेवढा येळ तोंड तरी गप राहील."

पण सावळारामाला मनातून कळत होतं. दांड्याचं मशीन गेलं की पान्याचा डबाही गेला, आणि डबा गेला की घरात त्याला हाक मारायचं कारणही गेलं. घरात म्हातारा माणूस दोन प्रकारांनी राहतो. एकाला बिघडलं की बोलावतात. दुसऱ्याला झाडताना पाय वर घ्यायला सांगतात. सावळारामाला पाय वर घ्यायचे नव्हते.

त्याची सून माधवी सरळ डोक्याची बाई. सासऱ्याला ती मामा म्हणायची आणि त्याच्या गोष्टींतलं निम्मं ऐकून निम्मं सोडून द्यायची. ती म्हणाली, "मामा, तुमचं मशीन एका धुण्याला अर्धी टाकी पितं. टँकरचं पाणी आहे ते. वर गाऊनच्या नाड्या तोडतं."

"पितंय, पन काम बी रेड्यासारखं करतंय. तुझं त्ये काचवालं? दोन लोटे पान्यात सगळ्यांची आंघोळ! एकाचा मळ दुसऱ्याच्या अंगाला."

"असं?" माधवीनं पदर खोचला. "मग हळदीचे कपडे पडलेत मागे. होऊन जाऊ दे."

आता हळदीचे कपडे म्हणजे काय, ते या बाजूच्या माणसाला सांगायला नको. नवरदेवाच्या गालाला बोट लावून हळद संपते ती शहरात. इथं ती नवरदेवापासून सुरू होते आणि मांडवाच्या खांबापर्यंत जाते. बँडवाला पिवळा, आचारी पिवळा, बघायला आलेला शेजारी पिवळा. दीपेशच्या हळदीचा ढीग मागच्या पडवीत कमरेएवढा पडला होता, आणि त्यात वर होतं राहीबाईचं लुगडं.

राहीबाई ही धवलारीण. लग्नातली गाणी म्हणणारी, देवाला बोलावणारी, विधी कुठून सुरू करायचा नि कुठं थांबवायचा ते सांगणारी. तिनं सावळारामाचंही लग्न लावलं होतं आणि त्याला अजून सावळ्या म्हणायची. हळदीत तिला कुणी माखलं तर तिचं लुगडं घरच्यांनी धुऊन, घडी घालून परत द्यायचं, ही या घरची रीत.

माधवीनं अट घातली. ढीग निम्मा निम्मा. अर्धा ती नव्या मशीनमध्ये धुणार, अर्धा सावळाराम जुन्यात. राहीबाई लुगडं न्यायला येईल तेव्हा दोन्ही धुणी तिच्यासमोर टाकायची. तिला जे चांगलं वाटेल ते मशीन घरात राहील. "तुमचं जिंकलं, तर कुमारला रिकामा टेम्पो घेऊन परत धाडते. दीपेशला मी बघते. आणि हरलं, तर?"

"हरंल कशाला?" सावळाराम म्हणाला. "राहीबायचं लुगडं माज्या ढिगात घाल."

"मामा, नऊवारी आहे."

"म्हनूनच."

माधवीनं तिचा वाटा त्याच दिवशी उरकला. कपडे स्वच्छ निघाले, पिळून जवळजवळ सुके निघाले, एक बटण तुटलं नाही. पांढऱ्यावर पिवळी सावली तेवढी राहिली. नाव ठेवायला जागा फारशी नव्हती. सावळारामानं खूप शोधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासू-सुना आहेराच्या साड्या घेऊन टेमघरला माधवीच्या नणंदेकडे निघाल्या. ठकुबाईनं फाटकातून बजावलं, "आधी साध्या पान्यात काडा. साबन मागनं! हळदीला पयला साबन भेटला की ती लाल कुक्कू व्हते."

"माला शिकवू नको," सावळाराम म्हणाला, आणि पहिल्या घाण्याला तिनं सांगितलं तस्संच केलं. चादरी, टॉवेल, परकर आत, वर पाण्याचा पाइप, आणि चालू. दांडा असा काही पेटला की पडवीतले कोनाडे हलले. पाणी आमरसासारखं झालं. ते सोडलं, नवं भरलं, मग साबण, पुन्हा घुसळण. झाकण उघडून बघितलं, एक डाग अडून बसलेला दिसला, तो हातानं चोळला आणि चादर पुन्हा आत टाकली. काचेच्या मशीनमध्ये असं मध्येच दार उघडता येत नाही. चादरी वाळत घातल्या तेव्हा त्यांच्यावर पिवळी सावलीसुद्धा नव्हती. माधवीच्या चादरींच्या शेजारी त्या दुधासारख्या दिसत होत्या. खोटं बोलायची काही गरजच पडणार नव्हती, आणि त्यामुळे सावळारामाला जरा चुकल्यासारखं वाटलं.

तोच ताठा अंगात घेऊन त्यानं राहीबाईचं लुगडं आत टाकलं. लोण्याच्या रंगाचं सुती लुगडं, जांभळे काठ. आणि ताठ्याच्या भरात साबणाची पूड मूठभर आधीच टाकली.

दांडा फिरला. लुगडं फेसात गेलं आणि पिवळ्याचं लालभडक झालं. एवढं लाल की सावळाराम दोन पावलं मागं सरला. पण खरा घोळ पुढंच होता. नऊ वार लांब कापड आणि इकडून तिकडे झटके घेणारा दांडा. लुगड्याचं एक टोक पात्यात अडकलं, आणि लूमच्या कांडीवर सूत बसावं तसं लुगडं दांड्यावर गुंडाळत गेलं. काठावर काठ, पदरावर पदर. मग मशीननं एक उचकी दिली आणि ते थांबलं.

सावळारामानं ओढून बघितलं. दांडा सोडेना. शेवटी पान्यानं वरची टोपी काढली, लुगड्यासकट दांडा बाहेर उपसला आणि ओट्यावर फतकल घालून तो एकेक वेढा सोडवत बसला. लुगडं फाटलं नव्हतं, हे त्याचं नशीब. पण ते वाळलेल्या मिरचीसारखं दिसत होतं, रंगानंही आणि सुरकुत्यांनीही. बादलीत खळबळलं तर लाल थोडं उतरलं आणि खाली पिवळं जिथल्या तिथं.

समोर काचेचं मशीन मौनी बुवासारखं बसलं होतं.

शत्रूच्या दारात जाताना माणूस आधी इकडे तिकडे बघतो. सावळारामानं पडवीतल्या कोंबड्यासुद्धा हाकलल्या. मग लुगडं त्या गोल दारातून आत कोंबलं. साबण घातला नाही. एकदा साबणानं घात केला होता, पुन्हा त्याच्या नादी लागायला तो काही खुळा नव्हता. दार दाबलं. आता बटणं. एका बाजूला चित्रं, एका बाजूला आकडे, तीसपासून नव्वदपर्यंत. कुणी शहाणा असता तर थांबला असता. पण सावळाराम लूमचा माणूस. लूमवर मोठा आकडा म्हणजे जास्त वेग, जास्त वेग म्हणजे जास्त माल. त्यानं बिनदिक्कत नव्वद लावले.

मशीन म्हशीनं रवंथ करावा तसं सावकाश फिरू लागलं.

"ह्ये नव्वद?" सावळाराम काचेला म्हणाला. "आरं, माज्या दांड्याचा आळस ह्याच्यापेक्षा जोरात फिरतो!"

शिव्या देत का होईना, तो समोर बसून राहिला. बराच वेळ गेला. काच हाताला गरम लागायला लागली. मोटर तापली असेल, तो म्हणाला, कामाची सवय नाही बिचारीला. मग आतलं पाणी पांढुरकं झालं, मग ताकासारखं झालं. लुगडं त्यात लोळत होतं, लाल कुठच्या कुठं पळालं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ठकुबाईचा आवाज आला. ठकुबाई स्वतः यायच्या बऱ्याच आधी तिचा आवाज घरी पोचतो, हा सावळारामावर तिचा एकच उपकार. त्यानं घाईनं चक्री फिरवून पिळायच्या खुणेवर आणली. पाणी भसाभस गेलं, पिंप विमानासारखा घोंघावला, थांबला, आणि दार एकदाचं सुटलं.

लुगडं बाहेर आलं ते लोण्याच्या रंगाचं. नीट बघितलं तर पहिल्यापेक्षा अंमळ पिवळसर लोणी, पण सगळीकडे सारखं, जणू विणतानाच तसं विणलेलं. डाग म्हणून नाही. पदराच्या टोकाला एक गाठ होती, आणि गाठीत मूठभर मऊ भात.

सावळाराम चकित होऊन बघत राहिला, मग त्याला उमगलं. विधीचे तांदूळ हातात उरले की राहीबाई ते जमिनीवर टाकत नसे, पदराच्या गाठीला बांधायची. हळदीच्या गोंधळात गाठ सोडायची ती विसरली, आणि धुणाऱ्यानं ती सोडून बघायची तो विसरला. निम्म्या तांदळाचा भात झाला होता, उरलेल्याची कांजी झाली होती, आणि ती कांजी न खळबळता नऊच्या नऊ वारांना लागली होती.

त्यानं भात कोंबड्यांना टाकला, लुगडं कुंपणाच्या भिंतीवर पसरलं, दांडा परत मशीनमध्ये बसवून टोपी आवळली, आणि फाटकातून बायका आत आल्या तेव्हा तो तंगड्या पसरून विडी ओढत होता.

"झालं?" माधवीनं विचारलं.

"कवाच. आमचं मशीन रेंगाळत न्हाय."

दुपारी कुमार आला. दुकानाचा सदरा, कानात फोनची वायर, दारात टेम्पो. "काका, टेन्शन नका घेऊ, पाच मिनिटात उचलतो. पीस कुठे आहे?"

"पीस तुजा तो," सावळाराम काचेच्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाला. "आमचं मशीन हाय. बस. च्या घे. आज तुजा टेम्पो हवा खायाला आलाय."

पाठोपाठ राहीबाई आली. काठी टेकत, धापा टाकत, पण बोलणं काठीपेक्षा खणखणीत. "सावळ्या, माजं लुगडं हाय का दांड्यानं खाल्लं?"

"बस, राहीबाय. आज तू न्यायाधीश."

ठकुबाईनं तिला पाट दिला. माधवीनं आपल्या चादरी पुढं टाकल्या, सावळारामानं आपल्या. राहीबाईनं दोन्ही उन्हाला धरल्या, नाकाला लावल्या, मुठीत चुरगळून सोडल्या. "माधवे, तुज्या मऊ हायती गो. बाळंतिनीला घालाव्या अशा. पन पिवळं राहिलंय. ह्याच्या चादरी गोऱ्या हायती. खरं त्ये बोलाया पायजे."

"माझं मशीन पाणी तापवून धुतं, पण नाडी तोडत नाही," माधवी म्हणाली. "त्यांच्या ढिगातल्या परकराला नाडीच राहिली नाही, बघा."

"परकर बघाया मला बोलावलंय काय?" राहीबाई म्हणाली. "लुगडं आन."

सावळारामानं लुगडं आणलं. म्हणजे आणलं असं म्हणणं बरोबर नाही, कारण लुगडं चालत आल्यासारखंच आलं. भिंतीवरून काढताना ते भिंतीच्याच आकाराचं निघालं. त्याला घडी घालता येईना. त्यानं ते अंगणात ठेवलं आणि हात सोडला, तर ते उभं राहिलं. काठ जमिनीवर टेकून, पदर वाऱ्याला फुगवून, कमरेवर हात ठेवलेल्या बाईसारखं, नुसतं उभं. कोंबडा आला, एकदा त्याच्याभोवती फिरला आणि बाजूनं निघून गेला.

"अगो माझ्या बाय!" राहीबाई उठलीच. तिनं लुगड्याला बोटानं टिचकी मारली. टण्ण आवाज आला. "लुगडं हाय का पापड? सावळ्या, आरं, मी नवरी व्हते तवा बी माझ्या लुगड्याला अशी कांजी कुनी केली न्हवती! डाग न्हाय, सुरकुती न्हाय. आन रंग तर बघा, ताजं लोनी!"

"काका, ये तो कमाल है," कुमारनं कानातली वायर काढली. "असा स्टार्च तर हॉटेलच्या लाँड्रीत पण नाय येत. या जुन्या डब्यातनं काढला?"

"डबा म्हनू नको," सावळाराम म्हणाला.

माधवी लुगड्याकडे बघत राहिली, मग सासऱ्याकडे. तिला काही पटत नव्हतं, पण शब्द तिचाच होता. "राहीबाय, सांगा मग. कुठलं राहू दे?"

राहीबाईनं काठी आपटली. "दांड्याचं! ह्या लुगड्यापायी दांड्याचं. पुढच्या लग्नाला माझी सगळी लुगडी हितंच टाकीन."

झालं. सावळारामानं मशीनच्या झाकणावर जिंकलेल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. माधवी बोलल्या शब्दाला जागली. "कुमार, राहू दे मशीन. दीपेशला मी सांगते."

"चालेल ताई, अपने को क्या." कुमारनं चहाचा कप ठेवला, टेम्पोत चढला आणि चावी फिरवली. टेम्पोनं धूर सोडला, पुढचं चाक रस्त्याकडे वळलं.

इथं सावळाराम गप्प बसला असता तर ही गोष्टही उरली नसती. पण जिंकलेला माणूस आणि उकळतं दूध, दोघांनाही कडेवर थांबता येत नाही.

"पन सावळ्या," राहीबाई लुगडं कुरवाळत म्हणाली, "कांजी पडली कशी? मी तर दिली न्हवती."

"आता कसं सांगू राहीबाय," सावळाराम पाटापुढं सरसावून बसला. "तू पदरात इधीचे तांदूळ बांदून तशीच दिलीस का न्हाय?"

"अगो, व्हय की!"

"माला ते कळलं. मी म्हनलं, देवाचे तांदूळ हायती, वाया जाया नको. गाठ तशीच राहू दिली. आन दांडा सोडला." त्यानं दोन्ही हातांनी दांडा फिरवून दाखवला. "दांड्यानं पयल्या झटक्यात तांदूळ फोडलं. दुसऱ्या झटक्यात दळलं. तिसऱ्यात पीठ. मी झाकन उघडून बघतोय, तर आत ही पेज! रटरट, रटरट!"

"काय सांगतोस!"

"तर! वास असा सुटला की शेजारची म्हातारी वाटी घेऊन कुंपनाशी हुबी. दिली तिला वाटीभर. मीठ घालून प्याली. म्हनाली, सावळाराम, तुमच्या ठकीला बी अशी पेज जमत न्हाय."

"जमत न्हाय?" ठकुबाई दारातून म्हणाली.

"म्हातारी म्हनाली, मी न्हाय. मग म्या काय केलं, दांडा हळू घेतला. ह्यो आमचा दांडा, राहीबाय, ऐकतो. मी म्हनलं, हळू रं बाबा, आता लुगड्याला लाव. तशी त्यानं वार न् वार कांजी लावली, काठाला जादा, पदराला कमी. लूमच्या सुताला लावतात ना, अगदी तशी. त्ये काचेचं मशीन करंल काय? त्याला दांडाच न्हाय, तर घुसळनार कशानं?"

राहीबाईची मान डोलत होती. माधवीही पायरीवर टेकली. फाटकापाशी वळण घेत असलेला कुमार काच खाली करून ऐकत होता. सावळारामानं सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि त्याला वाटलं, अजून एक वीट चढेल.

"आन ते बी कसल्या पान्यात!" तो म्हणाला. "लाडावलेल्या पान्यात न्हाय हां. सकाळचं टाकीतलं पानी, हातात धरवत न्हाय असं थंडगार. बर्फच! तशा बर्फाच्या पान्यात दांड्यानं पेज शिजवली, रटरट, रटरट…"

राहीबाईची मान डोलायची थांबली. तिनं लुगड्याचा पदर उलटा केला, गाठीच्या जागी चिकटलेलं एक मऊ शीत नखानं काढलं, बोटांत चुरडलं आणि सावळारामाकडे बघितलं.

"ए टेम्पोवाल्या, थांब रं, मागं घे! सावळ्या, म्या जलमभर लग्नाघरी भात रांदताना बघितलाय. थंड पान्यात तांदूळ भिजतो, शिजत न्हाय! तुज्या त्या दांड्याच्या बुडाखाली चूल कुटं हाय? माजं लुगडं तू त्या काचंच्या मशीनीत धुतलंस!"